किमान वेतन चाळीस सेंटने वाढलं आणि आमच्या तीन पायऱ्यांची एकच झाली

शेल्फवाली | शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५, सकाळी ७:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आज विचारायचं आहे. जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

मी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका लहान शहराच्या लायब्ररीत पार्ट-टाइम क्लार्क आहे. अडीच वर्षं झाली. शहराचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे. १ जानेवारीपासून राज्याचं किमान वेतन तासाला १६.५० डॉलरवरून १६.९० होतंय, त्यामुळे सिटीला पार्ट-टाइम लोकांच्या पगाराचा तक्ता बदलणं भाग आहे. येत्या मंगळवारच्या काउन्सिल मीटिंगचा अजेंडा काल लागला, त्यात हा विषय आहे. तोही कन्सेंट कॅलेंडरवर. म्हणजे मागच्या सभेचं इतिवृत्त, बिलांची यादी वगैरे ज्या गठ्ठ्याला एका दमात "मंजूर, मंजूर" होतं, त्या गठ्ठ्यात.

आमच्याकडे प्रत्येक पदाला पाच पायऱ्या आहेत, ए ते ई. वर्षअखेरीचा शेरा चांगला असला की एक पायरी वर, साधारण ५ टक्के. हा तक्ता शेवटचा नीट मांडला २०२२ साली, किमान वेतन १५ डॉलर होतं तेव्हा. (जुने ठराव वेबसाइटवर आहेत. रविवारी बसून सगळे काढले, नवरा म्हणाला पीएचडी करतेस का.) लायब्ररी पेज, म्हणजे परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावणारी मुलं, त्यांचा तक्ता तेव्हा असा होता:

ए १५.००, बी १५.७५, सी १६.५४, डी १७.३६, ई १८.२३

पुढे किमान वेतन २०२३ ला १५.५० झालं, २०२४ ला १६, २०२५ ला १६.५०. दर वेळी सिटीने काय केलं, तर जो आकडा किमान वेतनाखाली गेला तेवढा खोडून तिथे नवीन किमान वेतन लिहिलं. बाकी तक्त्याला हात नाही. त्यामुळे यंदा ए आणि बी दोन्ही १६.५०, आणि सी १६.५४. चार सेंट जास्त! आमचा एक पेज बीवरून सीवर गेला तेव्हा त्याने कार्टच्या कडेला पेन्सिलीने हिशेब मांडला होता: आठवड्याचे पंधरा तास, साठ सेंट बढती. आता जानेवारीत ए, बी, सी तिन्हींसमोर १६.९०. चार सेंटही गेले. तीन वर्षं काम केलेला मुलगा आणि सोमवारी लागलेली मुलगी, दोघांना एकच दर.

क्लार्कचा तक्ता १६.७५ पासून सुरू होत होता, तोही आता १६.९० वर आला. म्हणजे नवीन पेज आणि नवीन क्लार्क सारखेच. आम्ही पैसे घेतो, कार्ड बनवतो, भांडणं सोडवतो, रात्री दाराला कुलूप लावतो. पेजला यातलं काही करावं लागत नाही आणि लागूही नये. मी स्वतः सीवर आहे, १८.४७. माझा दर बदलत नाही.

विचारायचं असं की हे कायद्यात बसतं का? मंगळवारी जाऊन बोलावं का? आणि बोललेच तर नेमकं मागायचं काय?

रानजाई | १२ डिसेंबर, सकाळी ७:५५

वाचतेय. त्या पेन्सिलच्या हिशेबाने पोटात कालवलं.

आकडेमोड | १२ डिसेंबर, सकाळी १०:२०

मी कॅलिफोर्नियातल्याच एका (वेगळ्या) सिटीच्या फायनान्स खात्यात अठरा वर्षं काढली आणि असे डिसेंबरचे ठराव स्वतः टाइप केलेत. तेव्हा थोडा पापाचा वाटा माझाही.

आधी कायद्याचं. बसतं. राज्याचा कायदा तळ ठरवतो, वरच्या पायऱ्यांत किती अंतर असावं यावर तो काही बोलत नाही. हा कायदा एप्रिल २०१६ मध्ये राज्यपाल जेरी ब्राउन यांनी सही करून आणला. टप्प्याटप्प्याने १५ पर्यंत न्यायचं आणि नंतर महागाईशी बांधायचं अशी त्याची रचना. आता दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत राज्याचं वित्त खातं नवीन आकडा काढतं. महागाईचा दर किंवा साडेतीन टक्के, यातलं जे कमी असेल ते घ्यायचं आणि जवळच्या दहा सेंटवर आणायचं. म्हणजे तुमच्या सिटीला हा १६.९० ऑगस्टपासून ठाऊक आहे. विषय डिसेंबरच्या शेवटच्या मीटिंगला, कन्सेंटवर येतो तो चर्चा नको म्हणून. मुद्दाम करतात असं नाही, सवय आहे.

ठराव लागतोच, कारण कॅलपर्स ही पेन्शन संस्था, तिच्या नियमाप्रमाणे पगाराचा तक्ता काउन्सिलने मंजूर केलेला आणि लोकांना पाहता येईल असा हवा. मॅनेजरने परस्पर आकडे बदलून चालत नाही. ही तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. दरवर्षी एकदा हा कागद सगळ्यांसमोर यावाच लागतो.

तुम्ही सांगताय त्याला एचआरवाले कंप्रेशन म्हणतात. पायऱ्या एकीत एक घुसतात. खालची पायरी उचलायला फार खर्च येत नाही, म्हणून तेवढंच उचलतात. रिपोर्टमध्ये खर्च किती दाखवलाय ते टाका, मग पुढे बोलू.

तुळशीबाग_ते_टेक्सास | १२ डिसेंबर, सकाळी ११:०५

तुम्ही निदान चाळीस सेंटवर भांडताय. आमच्याकडे तळ म्हणजे फेडरलचे ७.२५ डॉलर, २४ जुलै २००९ पासून तिथेच. तेव्हा जन्मलेलं पोर आता गाडी चालवतंय. टेक्सासात शहरांना खाजगी धंद्यांसाठी वेगळं किमान वेतन लावताही येत नाही. स्वतःच्या नोकरांना मात्र हवं तेवढं देता येतं. ऑस्टिनने २०२२ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तासाला २० डॉलर केले. कायदा काहीच सांगत नसताना केले. का, तर माणसं सोडून चालली होती.

शेल्फवाली | १२ डिसेंबर, दुपारी १२:४०

@आकडेमोड, जेवणाच्या सुट्टीत रिपोर्ट पाहिला. दीड पानाचा आहे. पार्ट-टाइम एकूण ७४ जण, त्यातल्या २२ जणांचे दर बदलणार. त्या २२ जणांचे वर्षाचे मिळून अंदाजे १४,००० तास, खर्च ५,६०० डॉलर. "मंजूर अंदाजपत्रकात सामावून घेता येईल." सगळ्या ७४ जणांचे तास ५०,००० लिहिलेत. बाकीच्या ५२ जणांबद्दल एक ओळ नाही.

त्याच गठ्ठ्यात पार्कच्या प्रवेशद्वारावर नवी पाटी बसवायला ३८,००० आहेत. विषयाशी संबंध नाही, नजरेत भरलं म्हणून लिहिलं.

करदाता_नंबर_एक | १२ डिसेंबर, दुपारी २:१५

मी अलोकप्रिय बोलणार आहे, हलके घ्या.

पार्ट-टाइम पेजची नोकरी म्हणजे कॉलेजातल्या पोरांची पहिली नोकरी. तिच्यात पाच पायऱ्या असाव्यात हेच मला पटत नाही. आणि सिटीकडे पैसा येतो कुठून? १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मालमत्ता-कराच्या नियमामुळे घर विकलं जात नाही तोवर त्याचं करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांवर वाढवता येत नाही. किमान वेतन या वर्षी जवळपास अडीच टक्के वाढलं. उत्पन्न दोनने आणि खर्च अडीचने, हे गणित किती वर्षं चालेल? किमान वेतन १८ डॉलर करायचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनीच पाडला. थोडक्यात पाडला, पण पाडला. लोक काय म्हणताहेत तेही ऐका.

सगळ्यांचे पगार वाढवा म्हणाल तर सिटी तास कापेल. शनिवारी लायब्ररी बंद. मग बसा.

जलतरंगिणी | १२ डिसेंबर, दुपारी ३:३०

@करदाता, पहिली नोकरी म्हणताय ना, माझ्या लेकीचीच सांगते. मागच्या उन्हाळ्यात ती सिटीच्या पूलवर लाइफगार्ड होती. सर्टिफिकेटचे पैसे आम्हीच भरले. भर उन्हात उंच खुर्चीवर बसायचं, दर वीस मिनिटांनी जागा बदलायची, एकदा तर साडेचार वर्षांच्या मुलाला उडी टाकून बाहेर काढलंन. दर १७.२५. रस्त्यापलीकडे बर्गरवाल्याकडे तिची मैत्रीण फ्राइज तळत होती, तिला २०. कारण एप्रिल २०२४ पासून मोठ्या फास्ट फूड साखळ्यांना, देशभरात साठाहून जास्त दुकानं असलेल्यांना, राज्याने वीसचा वेगळा तळ लावलाय.

या उन्हाळ्यात लेक बर्गरवाल्याकडे गेली. पूलवर गार्ड कमी म्हणून सकाळची पोहण्याची वेळ बंद. म्हाताऱ्या माणसांचा वॉटर एरोबिक्सचा वर्ग त्यातच गेला. तास कापले गेलेच की, पगार न वाढवताही!

नाना_वाईकर | १२ डिसेंबर, संध्याकाळी ७:००

आमच्या इथली सकाळ झाली, चहा घेता घेता धागा वाचला. मी नगरपरिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त. सातासमुद्रापलीकडे लायब्ररीत बसून पोरीने जे आकडे मांडलेत ते वाचून आमचं टेबल आठवलं.

आपल्याकडे स्थानिक संस्थांमधल्या कामगारांचे मूळ किमान दर शेवटचे ठरले फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने. परिमंडळ १ मध्ये अकुशल ११,५००, अर्धकुशल १३,०००, कुशल १४,०००. त्यावर विशेष भत्ता, जो दर १ जानेवारी आणि १ जुलैला महागाई निर्देशांकाप्रमाणे बदलतो. आता गंमत बघा. हा भत्ता तिन्ही वर्गांना रुपयांत सारखाच. झाडूवाल्याला जेवढा तेवढाच व्हॉल्व्हमनला. गरीबाच्या बाजूने बघितलं तर ठीकच, भाजी सगळ्यांना एकाच भावाने मिळते. पण कुशल-अकुशलमधलं अंतर २०१५ ला २,५०० रुपये होतं आणि आजही २,५००च आहे. तेव्हा ते अकुशलच्या पगाराच्या वीस-बावीस टक्के होतं. भत्ता चढत गेला तसा हा टक्का खाली येत गेला. तुमच्याकडे पायऱ्या घुसल्या एकमेकींत, आमच्याकडे आखडल्या. दुखणं एकच.

आणि ठेकेदाराचे कामगार असले की आणखी एक फेरा. भत्ता वाढल्याचं कामगार आयुक्तांचं परिपत्रक येतं, ठेकेदार म्हणतो निविदेतला दर जुना, फरक आधी तुम्ही द्या. फरकाचं बिल आमच्या टेबलावर. तरतूद नाही म्हणून ते पुढच्या वर्षात. कामगार दर सोमवारी दारात येऊन विचारायचा, साहेब फरक निघाला का? मी मान हलवायचो. अशी मान मी एका माणसासमोर चौदा महिने हलवली आहे. पैसे निघाले त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. त्याचेच पैसे, आणि वर त्यानेच पेढे आणले. मला तो पेढा गिळवेना.

रानजाई | १२ डिसेंबर, रात्री ८:१०

नाना __/\__

अंशकालीन म्हटलं की मला आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या परिचर मावशी आठवतात. अंशकालीन स्त्री परिचर असं पद. अंश कसला, सकाळी नर्सबाईंच्या आधी कुलूप उघडायचं ते संध्याकाळी लावायचं. त्यांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आणि मानधन म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्नच निघत नाही. एक शब्द बदलला की काम झालं. नाना, नव्या वेतन संहितेने यात काही फरक पडेल का?

नाना_वाईकर | १२ डिसेंबर, रात्री ८:४५

संहिता २१ नोव्हेंबरपासून लागू झाली आहे, १९४८ चा किमान वेतन कायदा तिच्यात विलीन. केंद्राने ठरवलेल्या तळाखाली राज्याला दर ठेवता येणार नाही, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट. पण मानधन घेणाऱ्याला कामगार मानायचं का हा जुना वाद आहे, तो आपोआप सुटेल असं मला वाटत नाही.

दिवसाच्या कामाबद्दल मात्र १९४८ च्या कायद्यातही एक चांगलं कलम होतं, पंधरावं. रोजावरच्या माणसाला मालकाने पूर्ण दिवस काम दिलं नाही तरी रोज पूर्ण द्यायचा, कमी काम त्याच्या स्वतःच्या अनिच्छेमुळे झालेलं नसेल तर. वापरताना मी ते दोनदाच बघितलं.

आकडेमोड | १२ डिसेंबर, रात्री ९:३०

आता शेल्फवालींच्या आकड्यांकडे.

२२ जण, १४,००० तास, चाळीस सेंट, ५,६००. बरोबर. उरलेल्यांनाही चाळीस-चाळीस सेंट दिले तर ५०,००० तासांवर २०,०००. म्हणजे वरचे १४,४००. तुमच्या पाटीच्या निम्म्याहून कमी.

पण याने पायऱ्या सुटत नाहीत, गेल्या चार वर्षांची दाटी तशीच राहते. सगळा तक्ता १६.९० पासून पाच-पाच टक्क्यांनी पुन्हा उभा करायचा तर पेजची ई पायरी २०.५४ वर जाते, आज ती १८.२३ आहे. तासाला सव्वादोन डॉलरच्या वर. सगळ्या पदांना हाच न्याय लावलात तर सत्तर हजारांच्या आसपास जाईल, आणि काउन्सिल एका रात्रीत ते करणार नाही. करदात्यांचं इथे मी ऐकतो, हा पैसा कुठून तरी आणावा लागेल. फक्त हा नवीन खर्च नाही. दरवर्षी चौदा-पंधरा हजार वाचवत गेलात, ते साठलंय.

स्वस्तातला मार्ग आहे. आम्ही एकदा केला होता. ज्या पायऱ्या मेल्या त्या तक्त्यातून काढून टाका. पेजच्या ए आणि बी मेल्या. पाचाच्या तीन करा आणि अंतर ४ टक्के ठेवा: १६.९०, १७.५८, १८.२८. आजच्या डी आणि ईच्या शेजारी ठेवून बघा, १७.३६ आणि १८.२३. एकीत बावीस सेंटचा फरक, दुसरीत पाचाचा. जे आज सीवर आहेत त्यांना मधल्या पायरीवर बसवा, तुमच्या त्या पेन्सिलवाल्याला ६८ सेंट मिळतील. चार वर्षांत गाठायची वरची पायरी दोन वर्षांत येते, पण पेज चार वर्षं टिकतो कुठे.

क्लार्कचा पहिला दर पेजच्या पहिल्या दराच्या इतके टक्के वर, असं तक्त्यातच लिहून घ्या. २०२२ ला अंतर पावणेबारा टक्क्यांच्या आसपास होतं. दहा मागा.

करदाता_नंबर_एक | १२ डिसेंबर, रात्री १०:०५

टक्के तक्त्यात बांधले की दरवर्षी आपोआप वाढ. पुढच्या काउन्सिलचे हात बांधणार तुम्ही. मंदी आली की?

आकडेमोड | १२ डिसेंबर, रात्री १०:२०

तळ आपोआप वाढतोच आहे, हात तिथे आधीच बांधलेले आहेत. साडेतीन टक्क्यांची मर्यादा राज्याच्या सूत्रातच आहे, तीच तक्त्याला लावा. मंदीत काउन्सिलला ठराव करून थांबवता येईल. फरक इतकाच की थांबवायला हात वर करावा लागेल. आज वाढवायला करावा लागतो.

करदाता_नंबर_एक | १२ डिसेंबर, रात्री १०:३२

हं. हा मुद्दा मान्य. पाच पायऱ्यांच्या तीन करण्यालाही माझी हरकत नाही, मी तेच म्हणत होतो. :)

वकीलसाहेब_नाही | १३ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी वकील नाही, पॅरालीगल आहे, म्हणजे वकिलांच्या हाताखालचा मदतनीस. कायद्यात बसतं का या प्रश्नाला एक जोड.

सिटीला राज्याचं किमान वेतन लागू होतं हेच काही वर्षांपूर्वी वादात होतं. कॅलिफोर्नियात ज्या शहरांची स्वतःची सनद आहे, त्यांना आपल्या नोकरांचे पगार ठरवायचा अधिकार राज्यघटनेने दिलाय. लाँग बीचने तोच मुद्दा लढवला. दावा कोणी लावला होता माहिती आहे? लायब्ररीत पेज म्हणून आणि मनोरंजन विभागात काम करणाऱ्यांनी. म्हणणं असं की आम्हाला राज्याच्या किमान दरापेक्षा कमी मिळतं. खालच्या कोर्टात हरले. २०१९ मध्ये अपील कोर्टाने फिरवलं: किमान वेतन हा सगळ्या राज्याचा विषय, सनद असली तरी त्याच्या खाली जाता येणार नाही. म्हणजे शेल्फवाली, तुमच्या तक्त्यातला तो १६.९० तुमच्यासारख्याच कोणीतरी भांडून मिळवलेला आहे.

त्याच्या वरच्या भागासाठी मात्र कोर्ट उपयोगाचं नाही, वाटाघाटीच. १९६८ च्या मायर्स-मिलियस-ब्राउन कायद्याने स्थानिक संस्थांच्या नोकरांना युनियन करून बोलणी करायचा हक्क आहे. तुमचे पार्ट-टाइम कुठल्या युनियनमध्ये आहेत का?

शेल्फवाली | १३ डिसेंबर, सकाळी ८:१५

नाही. फुल-टाइमवाल्यांची आहे. आम्ही तक्त्यात "अप्रतिनिधित" म्हणून वेगळ्या पानावर.

लाँग बीचचं खरंच माहीत नव्हतं. दोनदा वाचलं.

तास कापण्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. आमचे तास आधीच कापलेले असतात. मी आठवड्याला १९ तास करते. २० का नाही? वीस गुणिले बावन्न १,०४० होतात म्हणून. एका आर्थिक वर्षात, जुलै ते जून, १,००० तास भरले की कॅलपर्सची पेन्शन लागू करावी लागते. १९ ने ९८८ होतात. कोणी आजारी पडलं, त्याची पाळी मी घेतली की पुढे कुठेतरी ते तास वळते होतात. मागच्या मे महिन्यात सुपरवायझर यादी घेऊन आल्या, प्रत्येकाच्या नावापुढे शिल्लक तास. माझे एकतीस. जून संपेपर्यंत सात आठवडे होते. त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं, यादी उलटी धरून बोलत होत्या.

सोशल सिक्युरिटी, म्हणजे देशाची सरकारी पेन्शन, तीही कापत नाहीत. त्याऐवजी साडेसात टक्के एका रिटायरमेंट खात्यात जातात. पंधरा दिवसांचे ७०१.८६, त्यातले ५२.६४ तिकडे.

म्हणून दर वाढवला तर तास जातील ही भीती आम्हाला फारशी घालता येत नाही. बावन्न जणांचं मी सांगू शकत नाही, माझं सांगते.

जलतरंगिणी | १३ डिसेंबर, सकाळी ९:००

जा आणि बोल गं. हेच बोल. यादी उलटी धरून, हे सांग.

आकडेमोड | १३ डिसेंबर, सकाळी ९:४५

बोला, पण आधी एका काउन्सिल सदस्याला मेल करून विषय कन्सेंटमधून वेगळा काढायला सांगा. तुम्ही नुसत्या बोललात तर तीन मिनिटं ऐकून घेतील, "धन्यवाद" म्हणतील आणि गठ्ठा मंजूर. वेगळा काढला की स्टाफला उत्तर द्यावं लागतं.

दुसरं, ठराव अडवू नका. १ जानेवारी चुकली तर त्या २२ जणांचं नुकसान, आणि तुम्ही खलनायिका. हा मंजूर करा, आणि तक्त्याचा प्रश्न फेब्रुवारीच्या अर्धवार्षिक अंदाजपत्रकाबरोबर आणा, एवढंच मागा.

पाटीचं काढू नका. मोह होईल.

शेल्फवाली | बुधवार, १७ डिसेंबर, सकाळी ७:३०

काल जाऊन आले. सांगते.

मेल दोघींना केली होती, एकीचं उत्तर आलं आणि तिने विषय खरंच वेगळा काढला. मला वाटलं होतं लगेच नंबर लागेल, पण आधी एका कुत्र्याला दत्तक घेण्याच्या मोहिमेचं प्रशस्तिपत्र, मग रस्त्यावरच्या पार्किंगवर पाऊण तास. नऊ वाजले. हात गार पडले होते. तीन मिनिटांचं घड्याळ समोर लाल आकड्यांत उलटं चालतं, ते बघायचं नाही असं ठरवलं आणि तेच बघत राहिले.

मी पेजचा तक्ता मोठ्या अक्षरांत छापून नेला होता, २०२२ चा आणि २०२६ चा शेजारी शेजारी. क्लार्कने (सिटीच्या, माझ्यासारख्या नव्हे) सदस्यांना वाटला. एकाने विचारलं, पेज म्हणजे काय? त्याला सांगण्यात वीस सेकंद गेली. चार सेंटची बढती सांगितली तेव्हा मेयर हसले आणि मग थांबले. तासांचं सांगायला वेळ उरला नाही.

नंतर एचआरच्या बाईंना विचारलं, हे बरोबर आहे का? त्या म्हणाल्या, हो, तिन्ही पायऱ्या सारख्या आहेत, आम्हाला कल्पना आहे, पूर्ण वेतन-अभ्यास करायचा विचार आहे. किती दिवस लागतील? वर्षभर. मग त्या मेल करणाऱ्या सदस्य म्हणाल्या, अभ्यास होईल तेव्हा होईल, मेलेल्या पायऱ्या काढायला अभ्यास कशाला? मी त्यांना तुमचा तीन पायऱ्यांचा तक्ता पाठवला होता, @आकडेमोड. न विचारता. माफी असावी.

ठराव पाच विरुद्ध शून्य मंजूर. १६.९० लागू. तक्ता दुरुस्तीचा प्रस्ताव फेब्रुवारीत अर्धवार्षिक अंदाजपत्रकाबरोबर आणा असं स्टाफला सांगितलं. क्लार्क आणि पेजमधल्या अंतराबद्दल कोणी शब्द काढला नाही. पाटी मंजूर. मी काही बोलले नाही.

नाना_वाईकर | १७ डिसेंबर, सकाळी ८:०५

शाबास पोरी. इतिवृत्तात "फेब्रुवारीत" हा शब्द आला आहे ना ते बघ. "यथावकाश" लिहिलं असेल तर लगेच दुरुस्त करून घे. मी आयुष्यभर इतिवृत्तं लिहिली आहेत.

आकडेमोड | १७ डिसेंबर, सकाळी ८:४०

माफी कसली, तक्ता कामाला आला. नानांचं ऐका. आणि आज-उद्याच एचआरला मेल टाका: पदवार आणि पायरीवार माणसं किती, तास किती, याची यादी मागा. हा सार्वजनिक दस्तऐवज आहे, नावं नकोत म्हणा. ती हातात असेल तर फेब्रुवारीचा खर्च त्यांच्या आधी तुम्हाला ठाऊक असेल. क्लार्कचं अंतर त्यातच घाला, वेगळा विषय करू नका.

शेल्फवाली | १७ डिसेंबर, दुपारी १:१०

इतिवृत्ताचा मसुदा पुढच्या मीटिंगआधी येतो म्हणाले, बघते. यादीसाठी मेल केली आत्ताच. आज पेन्सिलवाला कामावर होता, त्याला सांगितलं फेब्रुवारीत कदाचित ६८ सेंट. तो म्हणाला त्याची कॉलेजची ट्रान्सफर झाली, जानेवारीत तो बर्कलीला चाललाय. कार्ट घेऊन निघून गेला.

यादी आली की इथे टाकते.